माळ्यावरच्या फ्लॉपीतला गेम आजच्या लॅपटॉपवर कसा आणायचा

माळा आवरताना फ्लॉप्यांचा डबा निघाला की पहिली ऊर्मी होते ती एखादी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम अजून चालतो का, ते बघायची. तेवढं सोडून काहीही करा. बुरशी धरलेली फ्लॉपी फिरली की ड्राइव्हचं हेड बुरशीबरोबर चुंबकीय थरही खरवडून काढतं, आणि मग त्याच मळक्या हेडखाली पुढची धडधाकट फ्लॉपीही ओरखडते. जुनी डिस्क अजून किती वेळा वाचली जाईल, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून ती तपासून, शक्यतो एकदाच, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचायची आणि जी फाइल मिळेल तिच्यावर बाकीचे सगळे प्रयोग करायचे. या फाइलला डिस्कची इमेज म्हणतात.

हातात काय आलंय ते ओळखा

साडेतीन इंची फ्लॉपीला कोपऱ्यात एकच भोक असेल तर ती ७२० केबीची. दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतील तर १.४४ एमबीची. सव्वापाच इंची मऊ फ्लॉपीत ३६० केबी आणि १.२ एमबी असे दोन प्रकार आपल्याकडे चालले. लेबल गेलं असेल तर मधल्या मोठ्या भोकाची कड पाहा. तिथे मजबुतीसाठी चिकटवलेली कडी असेल तर बहुधा ३६० केबी, नसेल तर बहुधा १.२ एमबी.

राइट प्रोटेक्टच्या, म्हणजे डिस्कवर चुकून काही लिहिलं जाऊ नये या सोयीच्या बाबतीत नवखे हमखास गोंधळतात, कारण दोन्ही आकारांत नियम उलटे आहेत. साडेतीन इंचीत कोपऱ्यातली खटक्याची खिडकी उघडी असेल तर डिस्क सुरक्षित. सव्वापाच इंचीत कडेची खाच *झाकलेली* असेल तर सुरक्षित. ड्राइव्हजवळ नेण्याआधी साडेतीनचा खटका सरकवा आणि सव्वापाचच्या खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा. साधी पारदर्शक सेलोटेप चालत नाही, कारण पुष्कळ ड्राइव्ह ही खाच प्रकाशाने तपासतात.

एक जुनी काटकसर इथे आडवी येते. ७२० केबीची फ्लॉपी स्वस्त मिळायची, म्हणून लोक तिला दुसरं भोक पाडून १.४४ म्हणून फॉरमॅट करायचे. अशा डिस्कचा थर त्या घनतेसाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे आज सगळ्यात जास्त सेक्टर त्यांच्यातच खराब निघतात. भोक ओबडधोबड दिसलं तर ती डिस्क आधी वाचायला घ्या आणि भोक बुजवू नका. उलट प्रकारही दिसतो: दोन भोकांची डिस्क, पण फॉरमॅट ७२० केबीचा. ती वाचताना मात्र दुसऱ्या भोकावर पट्टी लावावी लागते.

डब्यात कॅसेटी निघाल्या तर त्या बहुधा स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला होता. कॅसेटींचं वेगळं प्रकरण पुढे आहे. शाळेच्या कपाटातून आलेल्या सव्वापाच इंची डिस्क १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पाच्या, म्हणजे बीबीसी मायक्रो या संगणकाच्या असू शकतात. त्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही' असं उत्तर येतं. डिस्क खराब नसते, तिची लिहिण्याची पद्धतच निराळी असते.

बुरशी

पुण्यात जून ते सप्टेंबर भिंतीला ओल धरते, तर माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या डब्याची काय कथा. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण बोटाने सरकवा, मधली चकती हळूहळू फिरवा आणि खिडकीतल्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजू बघा. निरोगी पृष्ठभाग एकसारखा काळा किंवा तपकिरी आणि चकचकीत दिसतो. पांढुरके ठिपके, जाळी किंवा धुरकट डाग म्हणजे बुरशी. एकाच वर्तुळात गेलेला चकचकीत चरा दिसला तर तिथला थर आधीच गेलाय, तो परत येत नाही.

बुरशी नसलेल्या डिस्कही पावसाळ्यात लगेच वाचू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवा. घाई नसेल तर सगळा कार्यक्रम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरका.

बुरशी असेल तर धुवावं लागतं. साडेतीन इंचीचं झाकण काढून कवच बाजूने अलगद उकला. सव्वापाच इंचीच्या पाकिटाची वरची एक कड धारदार पात्याने कापून आतली चकती बाहेर घ्या. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचंच हवं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं. आधी चकतीच्या अगदी आतल्या कडेला, जिथे डेटा नसतो तिथे, कापसाचा बोळा टेकवून पाहा. रंग सुटला तर आयपीए बाजूला ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्याने धुवा. धागे न सुटणाऱ्या कापडाने आतून बाहेर पुसा, गोल गोल घासू नका. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या, स्वच्छ कवचात घाला. त्यासाठी एखादी बिनकामाची फ्लॉपी बळी द्यावी लागते. जुनं कवच पुन्हा वापरलंत तर आतल्या अस्तरातली बुरशी परत चकतीवर येते आणि सगळी मेहनत पाण्यात.

ड्राइव्ह आणि जोडणी

साडेतीन इंची ड्राइव्ह भंगारात निघालेल्या पेंटियम फोरच्या डब्यांत अजून मिळतात. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर पाच-दहा हाताळून निवडता येतात. घेताना वरचं हेड धरणारा हात वाकलेला नाही ना, आणि हेड पुढे-मागे सरकवणारा स्क्रू मोकळा फिरतो ना, एवढं बघा. शक्य असेल तर दोन घ्या. का ते पुढे येईल. सव्वापाच इंचीची मात्र वाट बघावी लागते. मिळाल्यास १.२ एमबीची घ्या, ती ३६० केबीच्या डिस्कही वाचते. तिने ३६० केबीच्या डिस्कवर *लिहू* मात्र नका: तिचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद ट्रॅकच्या (डेटा लिहिलेल्या वर्तुळाच्या) मधोमध पातळ पट्टा लिहितं आणि मग ती डिस्क अस्सल ३६० केबीच्या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही. केबल, कनेक्टर, आयपीए यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच.

आता वाचायचं कशाने? दोन वाटा आहेत.

सोपी वाट यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हची. साध्या पीसी फॉरमॅटच्या साडेतीन इंची डिस्कला ती पुरते. सव्वापाच इंची, बीबीसी मायक्रो किंवा कॉपी प्रोटेक्शन असलेल्या डिस्क तिला जमत नाहीत.

दुसरी वाट ग्रीसवीझल नावाच्या छोट्या बोर्डाची. हा बोर्ड एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने ३४ पिनांच्या केबलने साध्या ड्राइव्हला जोडतात. तो सेक्टरचा अर्थ लावत बसत नाही, पृष्ठभागावरचे चुंबकीय बदल वेळेसकट जसेच्या तसे नोंदवतो. अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा. त्यामुळे कुठल्याही संगणकाची डिस्क त्याला चालते, आणि आज न उलगडलेला ट्रॅक उद्या डिस्कला हात न लावता पुन्हा तपासता येतो. डब्यात वीसपेक्षा जास्त डिस्क असतील किंवा एकही सव्वापाच इंची असेल तर सरळ हाच मागवा. सॉफ्टवेअर मोफत आहे.

जोडताना केबलची लाल कड पिन एककडे. पीळ असलेल्या केबलवर पिळानंतरचं टोक ड्राइव्ह 'ए'चं. वीज देताच ड्राइव्हचा दिवा लागून कायम तसाच राहिला तर केबल उलटी बसली आहे, बंद करून फिरवा. सव्वापाच इंचीला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात. त्यासाठी जुना एटीएक्स एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय घ्या आणि मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी जोडा, तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. सगळं यूपीएसवर ठेवा. गुरुवार मात्र टाळाच, महावितरणची दुरुस्ती कधी निघेल सांगता येत नाही.

इमेज काढणं

आधी घरातल्या सगळ्यात निरुपयोगी फ्लॉपीवर सराव करा. ग्रीसवीझल असेल तर ड्राइव्हचा वेग मोजून घ्या: साडेतीन इंची आणि ३६० केबीच्या ड्राइव्हला मिनिटाला ३०० फेरे, १.२ एमबीच्या ड्राइव्हला ३६०. आकडा हलत असेल तर पट्टा सैल आहे किंवा मोटर दमली आहे.

ग्रीसवीझलवर प्रत्येक डिस्कची आधी कच्ची नोंद एससीपी फाइलमध्ये घ्या. प्रत्येक ट्रॅकच्या तीन फेऱ्या नोंदवल्या तर १.४४ एमबीच्या डिस्कची फाइल सहज पन्नास एमबीच्या वर जाते, पण आजच्या हार्ड डिस्कला त्याचं काय. मग त्या फाइलवरून नेहमीची आयएमजी फाइल बनवा. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची डिस्क वाचताना एक सोडून एक ट्रॅक घ्यायला सांगावं लागतं, म्हणजे डबल स्टेप. हे विसरलं की अर्धी डिस्क खराब असल्यासारखी यादी येते आणि लोक हळहळत बसतात.

यूएसबी ड्राइव्हवर विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारेल. कितीही वेळा विचारलं तरी उत्तर नाही. इमेजसाठी विनइमेज चालतं, पण खराब सेक्टर असतील तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू बरं. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून बाकी सगळं उचलायला सांगा आणि सोबत मॅप फाइल, म्हणजे कुठल्या जागा वाचून झाल्या याची नोंद ठेवा. दुसऱ्या फेरीत फक्त अडलेल्या जागी तीन प्रयत्न. तरीही उरलं तर डिस्क काढून *दुसऱ्या* ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅप फाइल देऊन पुढे चालू करा. प्रत्येक ड्राइव्हचं हेड केसभर वेगळ्या जागी बसवलेलं असतं, त्यामुळे एकाने नाकारलेला सेक्टर दुसरा बिनतक्रार देतो. दोन ड्राइव्ह घ्यायच्या त्या यासाठी.

कान उघडे ठेवा. घासल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी डिस्क बाहेर. आयपीएत भिजवलेल्या बोळ्याने हेड पुसा आणि बोळ्यावर तपकिरी डाग आला का बघा. आला तर तो तुमचा डेटा होता. ती डिस्क धुतल्याशिवाय परत घालायची नाही. डाग आला नाही तरी दर पाच-सहा डिस्कनंतर हेड पुसत जा.

आयएमजी फाइलचा आकार ताडून पाहा: ३६० केबीसाठी ३,६८,६४० बाइट, ७२० साठी ७,३७,२८०, १.२ एमबीसाठी १२,२८,८०० आणि १.४४ साठी १४,७४,५६०. कंपन्यांच्या काही इन्स्टॉल डिस्क २१ सेक्टरच्या असतात, त्यांचा आकार १७,२०,३२० येतो. तो दोष नव्हे. लेबलचा मोबाइलवर फोटो काढा, फाइलला लेबलवरचंच नाव द्या, एसएचए-२५६ हॅश (फाइल पुढे बदलली का ते दाखवणारा आकडा) काढून शेजारी ठेवा आणि मूळ इमेज रीड-ओन्ली करा.

कायद्याचं थोडक्यात: कायदेशीरपणे आपल्याकडे असलेल्या प्रोग्रॅमची, तो नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. ती प्रत वाटायला किंवा विकायला देत नाही.

इमेजमधून फाइली

सेव्हन-झिप फॅट फॉरमॅटची आयएमजी फाइल थेट उघडतं. आत एआरजे (दाबून लहान केलेली) फाइल दिसली आणि पुढच्या डिस्कांवर ए०१, ए०२ अशी शेपटं असली तर एकच गेम अनेक फ्लॉप्यांवर कापून ठेवलाय. सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये आणा आणि मगच उलगडा. मधला एक तुकडा खराब असेल तर त्यातल्या फाइली जातात, बाकीच्या निघतात. म्हणून 'चारातली एक मेली' म्हणून उरलेल्या तीन टाकून देऊ नका.

व्हायरस येणार हे गृहीत धरा. डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या प्रणालीच्या काळातला व्हायरस आजच्या विंडोजचं काही बिघडवत नाही, पण तुमच्या गेमच्या फाइलींना चिकटतो. भारतात १९९० मध्ये सापडलेला 'जोशी' हा बूट सेक्टरचा (यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या पहिल्या सेक्टरचा) व्हायरस ५ जानेवारीला यंत्र अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. इमेजमधून फक्त फाइली उचलल्या की बूट सेक्टरचे व्हायरस मागेच राहतात. एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींना लागणारे उरतात, म्हणून उलगडलेला फोल्डर अँटीव्हायरसने तपासा आणि खेळायला त्याची वेगळी प्रत वापरा.

सेव्ह आणि स्कोअरच्या फाइली 'कचरा' म्हणून पुसू नका. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या फोल्डरमध्ये एचओएफ शेपटाची फाइल असेल तर ती विजेत्यांची यादी असते. १९९४ साली दादाने लिहिलेलं नाव तिथेच सापडतं, आणि गेम नेटवरून दुसरा मिळाला तरी हे मिळणार नाही.

डॉसबॉक्समध्ये चालवणं

६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून एक्झीवर डबल क्लिक करून काही होणार नाही. जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा डॉसबॉक्स किंवा त्याचंच ताजं रूप डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. गेमचा फोल्डर 'माउंट' आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडा, सी वर जा, फोल्डरमध्ये शिरा आणि एक्झीचं नाव टाइप करा. फोल्डरचं नाव आठ अक्षरांत आणि जागा न सोडता ठेवा. मूळ मशीनवर गेम ज्या फोल्डरमध्ये होता तेच नाव दिलेलं उत्तम, कारण काही गेम सेटअपच्या वेळचा मार्ग लिहून ठेवतात.

पुढे अडतं ते बहुतेक वेळा वेगावर. १९८० च्या दशकातले बरेच गेम घड्याळ न बघता प्रोसेसर पळेल तसे पळतात. डॉसबॉक्समध्ये वेग 'सायकल्स'मध्ये मोजतात. एक्सटीच्या, म्हणजे २८६ च्या आधीच्या पीसीच्या जमान्यातल्या 'पॅराट्रूपर'सारख्या गेमला ३०० च्या आसपास ठेवा. २८६ च्या काळातल्या गेमला ३०००, ३८६ ला ६०००, ४८६ वर खेळलेल्या 'डूम'ला २४,०००. खेळता खेळता कंट्रोल-एफ११ ने वेग कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त. माउस अडकला तर कंट्रोल-एफ१०.

काही संदेश फ्लॉपी खराब असल्यासारखे भासतात, पण तसं नसतं.

'पॅक्ड फाइल इज करप्ट': फाइल धड आहे. जुन्या पद्धतीने दाबून लहान केलेला प्रोग्रॅम मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत लोड झाला की स्वतःला उलगडताना चुकतो. एक्झीच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहा.

'रनटाइम एरर २००': टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजतो आणि वेग फार निघाला की भागाकारात कोलमडतो. सायकल्स कमी करा.

'डॉस-फोर-जीडब्ल्यू' सापडत नाही: त्या नावाची एक्झी मूळ फोल्डरमध्ये होती, कॉपी करताना राहिली. इमेज पुन्हा उघडा.

आवाज नसेल तर गेमचा सेटअप चालवून साउंड ब्लास्टर निवडा आणि पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्या. अनेक गेम आपणहून आयआरक्यू ५ धरतात आणि मुके राहतात.

डिस्कवर फाइलींची यादीच दिसत नसेल तर ती स्वतःच बूट होणारी असू शकते. १९८३ चा मूळ 'डिगर' असाच आला होता. तिथे 'बूट' आज्ञेला इमेजचं नाव द्या. 'प्रिन्स'मध्ये पहिली पातळी संपल्यावर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली आली तर बिघाड समजू नका. ते कॉपी प्रोटेक्शन आहे, उत्तर गेमच्या छापील पुस्तिकेत असतं. विंडोज ९५ च्या गेमसाठी डॉसबॉक्सशी झटापट करण्यापेक्षा ८६बॉक्समध्ये अख्खं जुनं मशीन उभं करा. बीबीसी मायक्रोची इमेज त्या संगणकाची नक्कल करणाऱ्या बीबएममध्ये उघडून शिफ्ट धरून एफ१२ दाबा, तिथे एफ१२ म्हणजे ब्रेक.

कॅसेट

स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम कॅसेटवर निव्वळ आवाज असतो: आधी पाचेक सेकंदांची सलग शिट्टी, मग हेडरचा छोटा खरखराट, पुन्हा दोनेक सेकंद शिट्टी आणि नंतर मोठा खरखराट. स्टिरिओ डेकवर लावा, डॉल्बी बंद ठेवा, लाइन-आउटमधून लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये घ्या आणि १६ बिट, ४४,१०० हर्ट्झवर डब्ल्यूएव्ही रेकॉर्ड करा. एमपीथ्री नको, नॉइज रिडक्शन नको. दोन्ही गोष्टी नेमक्या त्या कडा बोथट करतात ज्यांच्यातलं अंतर मोजून शून्य आणि एक ठरतात.

रेकॉर्ड करण्याआधी हेड जुळवा. डेकच्या हेडशेजारी स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. शिट्टी चालू असताना तो पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि आवाज सगळ्यात टोकदार येईल तिथे सोडा. कॅसेट मूळ ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड तिरकं असेल तर हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कंटाळा करून चालत नाही. आत फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात हलवा.

मग स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या फ्यूज इम्युलेटरच्या साधनांतलं ऑडिओटूटेप वापरून डब्ल्यूएव्हीची टेप फाइल करा. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, त्यामुळे कुठला ब्लॉक शुद्ध निघाला ते लगेच कळतं. चुकला तर डावं आणि उजवं चॅनेल वेगवेगळं करून पाहा, एका बाजूची फीत बरेचदा शाबूत असते. फ्यूजमध्ये 'J' ही कळ दाबली की 'लोड' उमटतं, मग सिम्बल शिफ्ट धरून 'P' दोनदा आणि एंटर. 'टेप लोडिंग एरर' आला तर इम्युलेटरच्या सेटिंगशी खेळू नका, पुन्हा डेककडे जा. दोष जवळजवळ नेहमी रेकॉर्डिंगमध्येच असतो.

जुनी हार्ड डिस्क असेल तर

फ्लॉपीऐवजी अख्खं ३८६ किंवा ४८६ मिळालं तर वीज देण्याआधी उघडा. मदरबोर्डवर निळसर नळकांडं दिसलं तर ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती पाझरून भोवतीचे तांब्याचे मार्ग खाते. कापून काढा, हिरवट थरावर व्हिनेगरचा बोळा फिरवा आणि मग आयपीएने पुसा. हार्ड डिस्क ४० पिनांची असेल तर आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडून डीडीरेस्क्यूने इमेज घ्या, जंपर मास्टरवर. नव्वदच्या सुरुवातीच्या काही डिस्कांना एलबीए पत्ते (सेक्टरांना दिलेले सलग क्रमांक) समजत नाहीत, त्या अशा अडॅप्टरला दिसतच नाहीत. त्या मेलेल्या समजून भंगारात देऊ नका. आयडीई पोर्ट असलेल्या पेंटियमच्या मदरबोर्डवर लावा आणि बायोसमध्ये डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे हाताने भरा.